ध्रुवीय सफरीचे फोटो सॉफ्ट येतात, बर्फ करडा दिसतो: लेन्स उघडायला देण्याआधी हे तपासा

मार्च-एप्रिलमध्ये अंटार्क्टिकाहून परतलेले आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्वालबार्डहून, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ध्रुवीय बेटांवरून, परतलेले लोक माझ्याकडे साधारण एकच वाक्य घेऊन येतात: "काका, लेन्स गेली वाटतं." साताऱ्यात माझं कॅमेरे आणि लेन्स दुरुस्तीचं काम आहे. कराडचे डॉक्टर, विट्याकडचे गलाई व्यावसायिक, सांगलीच्या विश्रामबागेतलं निवृत्त जोडपं, तासगावचे द्राक्षबागायतदार असे सगळे या टेबलापाशी येऊन बसतात. तक्रारी ठरलेल्या असतात. लांबचे प्राणी शार्प नाहीत. बर्फ पांढरा नाही, करडा किंवा निळा आहे. काही फोटोंवर दुधाळ पडदा आलाय. बॅटरी तर बघता बघता बसली.

मी लेन्स उघडतो तेव्हा बहुतेक वेळा आत काहीही बिघडलेलं नसतं. फोटो बिघडवतात तीन गोष्टी: लेन्सच्या पुढची हवा, काचेवर बसलेली ओल, आणि बर्फाला पांढरं न समजणारा, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर. नुसत्या थंडीचा दोष यात सगळ्यांत कमी. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, तापमान शून्याच्या आसपास असतं. स्वालबार्डला जुलैत पाच-सात अंश असतं. लोक उणे तीसची तयारी करून जातात आणि ओलीची, वाऱ्याची, खाऱ्या तुषारांची तयारी राहून जाते. आपल्याकडे पावसाळ्यात कासच्या पठारावर ज्याने कॅमेरा नीट सांभाळलाय, त्याची निम्मी तयारी झालेली असते. उरलेली निम्मीसुद्धा आपल्याच जिल्ह्यात करता येते, ती कशी तेही पुढे सांगतो.

आधी लेन्सची शहानिशा

लेन्स खरंच बिघडलीय का, हे घरी अर्ध्या तासात कळतं. सकाळी सात-साडेसातला, ऊन तापण्याआधी, सावलीतल्या भिंतीवर मराठी वर्तमानपत्राची दोन पानं उघडून चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून दहा मीटर मागे या. चारशे मिलिमीटरच्या लेन्सला फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर, दहा मीटरला साधारण नव्वद सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मिळतं, म्हणजे उघडा पेपर जवळपास पूर्ण फ्रेम व्यापतो. स्टॅबिलायझर बंद, आयएसओ कमी, दोन सेकंदांचा टायमर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. फोकस मधल्या मजकुरावर. असे पाच-सहा फोटो घ्या, प्रत्येक वेळी फोकस हलवून पुन्हा करायला लावा.

आता संगणकावर शंभर टक्के मोठं करून बारीक अक्षरांची शिरोरेखा बघा. लेन्स तपासायला शिरोरेखेइतकी सोयीची गोष्ट मला अजून मिळालेली नाही. पातळ, सरळ, आणि पानभर सगळीकडे आडवी. तिच्यावरचे अनुस्वार वेगळे टिंब म्हणून दिसले पाहिजेत. मधोमध आणि चारही कोपऱ्यांत शिरोरेखा जवळपास सारखी दिसत असेल, कोपऱ्यांत जराशीच मऊ असेल, तर लेन्स ठणठणीत आहे. एकाच बाजूला ती दुहेरी किंवा फराटल्यासारखी दिसत असेल आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ असेल, तर आतलं एखादं भिंग सरकलंय. सामान हाताळताना लेन्स पडली, आपटली की असं होतं. ती लेन्स मात्र जरूर घेऊन या. सगळीकडे सारखीच मऊ असेल तर आधी पुढचा यूव्ही फिल्टर काढून पुन्हा घ्या. दोनशे-तीनशे रुपयांच्या फिल्टरने लाखभराच्या टेलिफोटोची धार घालवलेली मी बरेचदा पाहिलीय. फिल्टर काढल्यावरही मऊच राहिली तर लाइव्ह व्ह्यूमध्ये हाताने फोकस करून बघा. हाताने केल्यावर शार्प येत असेल तर दोष फोकसच्या जुळणीत आहे, भिंगात नाही.

बिघडलेला फोटो काय सांगतो

शहानिशा झाली आणि लेन्स बरी निघाली, की मग सफरीतल्या फाइल्सकडे वळायचं. एकच फोटो बघू नका, एका बर्स्टमधले, म्हणजे बोट दाबून धरल्यावर लागोपाठ निघालेल्या फोटोंतले, आठ-दहा ओळीने बघा. पूर्ण फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी असेल, बर्फाचा प्रत्येक ठिपका छोटी रेघ झाला असेल, तर कॅमेरा हलला. मागचा बर्फ शार्प आणि पक्षी ओढलेला असेल तर पक्षी हलला, शटर स्पीड कमी पडला. प्राण्याच्या पुढचा किंवा मागचा खडक शार्प असेल तर फोकस चुकीच्या जागी बसला. पडत्या बर्फात हे फार होतं, कारण कॅमेरा जवळचे कण पकडतो. अशा वेळी लेन्सवरचा फोकस लिमिटर, म्हणजे फोकसचा टप्पा ठरवणारं बटण, लांबच्या टप्प्यावर ठेवावा, म्हणजे कॅमेरा जवळ शोधायलाच जात नाही. नुसत्या बर्फावर, ढगाळ उजेडात फोकस मागेपुढे भटकत राहतो, त्याला धरायला कडा लागते. पेंग्विनची काळी पाठ आणि पांढरं पोट जिथे मिळतं तिथे बिंदू ठेवा.

आणि फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नसेल, कडा पाण्यातून पाहिल्यासारख्या वळवळत असतील, बर्स्टमधल्या प्रत्येक फोटोत त्या वेगळ्या ठिकाणी वळवळत असतील, तर ती हवा. "लेन्स गेली" म्हणून आणलेल्या फाइल्समध्ये सगळ्यांत जास्त हेच निघतं, आणि याचाच कुणाला संशय येत नाही. त्यामुळे यावर जरा थांबतो.

थंड प्रदेशात गरम हवेची गडबड

गरम हवा विरळ असते, थंड हवा दाट. दोन्ही एकमेकींत मिसळताना प्रकाश प्रत्येक थरातून जाताना किंचित वाकतो आणि पुढच्या क्षणी दुसरीकडे वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसतं तेच हे. फक्त ध्रुवाकडे ते डोळ्यांना जाणवत नाही, लांब लेन्सला जाणवतं. लोक म्हणतात, तिकडे ऊन कुठलं? मुद्दा उन्हाचा नाही, फरकाचा आहे. शून्याच्या जवळचं पाणी, उन्हात तापलेला पोलादी डेक, एकवीस अंशांची केबिन आणि इंजिनाची धुराडी, सगळं शंभर मीटरच्या आत असतं.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर चाळकेवाडीच्या पठारावर जा. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबर हीटमध्ये जा. किलोमीटरभर लांबची एक पवनचक्की निवडा. सकाळी सातला चारशे मिलिमीटरवर दहा फोटो घ्या, मग दुपारी एकला त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर दहा. सकाळच्या फोटोत खांबाची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ येते. दुपारी तीच कड करवतीच्या दात्यांसारखी होते, वरच्या पेटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत. शटर स्पीड १/४००० करून बघा, काही फरक पडत नाही. वेगवान शटर ती लाट गोठवतो, घालवत नाही. लेन्सची पोच वाढवणारा टेलिकन्व्हर्टर लावला तर लाट अजून मोठी दिसते. ज्यांनी हा प्रयोग केला त्यांना पुढचं काही पटवून द्यावं लागत नाही.

आता जहाजावर. हवेची गडबड सगळ्यांत जास्त करतात केबिनचं उघडं दार आणि खिडकी. बाल्कनीत जायचा कंटाळा येतो, दार सरकवून आतूनच फोटो घेतले जातात, आणि आतली गरम हवा बरोबर लेन्सच्या समोरून बाहेर पळत असते. बंद काचेतून घेतले तर दुहेरी काच धार घालवते. पूर्ण बाहेर या, दार मागे लावून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे लेन्स स्वतः. एकवीस अंशांवरून शून्यात आणलेली मोठी लेन्स तासभरसुद्धा उष्णता सोडत राहते. लेन्सपुढच्या लांब हूडमध्ये, म्हणजे बाजूचा उजेड अडवणाऱ्या नळीत, ती गरम हवा साचते आणि बरोबर समोरच्या काचेपुढे घुटमळते. घोषणा झाली, "उजवीकडे बिबट्या सील", लोक धावत बाहेर आले, पहिल्या दहा मिनिटांत शेकडो फोटो घेतले, आणि ते सगळे सॉफ्ट निघाले, असं नेहमी होतं. तासगावच्या एका बागायतदारांच्या फाइल्स मी त्यांच्याच समोर बसून पाहिल्या. हिमखंडावर पडलेली सील, शटर १/२०००, सगळं बरोबर. पहिल्या बर्स्टमध्ये मिशांचा नुसता पांढरट पुंजका. पुढच्या एका बर्स्टमध्ये लागोपाठ दोन फोटोंत प्रत्येक मिशी वेगळी, मग पुन्हा पुंजका. आणि अर्ध्या तासाने घेतलेल्या फोटोंत नाकपुडीच्या कडेचे केससुद्धा मोजता येतील असे. वेळ फाइलवर नोंदलेलीच असते. "दादा, लेन्स तीच, प्राणी तोच," म्हटलं, "मग मधे बदललं काय?" त्यांनी स्वतःच ओळखलं. लेन्स तोवर थंड झाली होती.

म्हणून उतरण्याच्या किंवा डेकवर जाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी कॅमेरा बाहेर थंड जागी ठेवा. बाल्कनी असेल तर तिथे, नाहीतर बूट-जॅकेट ठेवायची खोली बहुतेक जहाजांवर थंडच असते. पहिला काही वेळ हूड काढून ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे. बर्फ पडत असेल तर तो गरम लेन्सवर वितळून पाणी होतो, थंड लेन्सवर कोरडाच राहतो आणि ब्लोअरने उडवता येतो.

धुराड्याचं लक्षात ठेवा. दक्षिणेच्या समुद्रात, ड्रेक पॅसेजमध्ये, अल्बाट्रॉस जहाजाच्या मागे मागे येतात. भटक्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत जातो, त्यामुळे सगळे फोटोग्राफर मागच्या डेकवर गर्दी करतात. इंजिनाचा गरम धूरही वाऱ्याबरोबर तिकडेच जातो. पक्षी त्या पट्ट्यातून गेला की फोटो गेला. वारा ज्या बाजूने येतोय त्या कठड्याकडे उभे राहा आणि पक्षी धुराच्या रेषेबाहेर आला की मगच बोट दाबा.

उरतं अंतर. अंतर जितकं जास्त तितकी मधली हवा जास्त, आणि यावर कुठल्याच लेन्सचा इलाज नाही. स्वालबार्डला जाणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं, कारण १ जानेवारी २०२५ पासून तिथे ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. गणित करून बघा. अडीच मीटर लांबीचं अस्वल ३०० मीटरवर, लेन्स ४०० मिलिमीटर: सेन्सरवर त्याची लांबी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. म्हणजे फ्रेमचा अकरावा हिस्सा. २४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात ते साडेपाचशे पिक्सलचं अस्वल झालं. त्याला कापून फ्रेमभर मोठं केलं तर जगातली कोणतीही लेन्स सॉफ्टच वाटणार. ६०० मिलिमीटर आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) मिळून तेच अस्वल फ्रेमच्या पाचव्या हिश्शाएवढं होतं, बरं दिसतं, पण हवा तीच. माझं प्रामाणिक मत असं, की त्या अंतरावरून अस्वलाचं पोर्ट्रेट करायच्या नादी लागू नये. बर्फाची लांबलचक भिंत, मागे डोंगर, आणि खाली छोटंसं पिवळसर अस्वल चाललंय, हा फोटो तिथल्या सत्याला जास्त धरून आहे. भिंतीवर लावल्यावर बघणारा थांबतो तोही याच फोटोपाशी. अंतराचा नियम अस्वलांसाठी आहे आणि तो योग्यच आहे. त्यांनी आपल्याकडे बघून वाट बदलली तर त्यांची शिकार आणि ताकद दोन्ही वाया जाते.

अंटार्क्टिकाचं उलटं आहे. तिथे पेंग्विनपासून पाच मीटरचं अंतर पाळायचं असतं. पाऊण मीटर उंचीचा जेंटू पेंग्विन पाच मीटरवर असेल तर दोनशे मिलिमीटरची लेन्स उभ्या फ्रेमचा बहुतेक भाग भरून टाकते. सहाशेची तोफ गळ्यात घालून पेंग्विनच्या वसाहतीत फिरणारे लोक मान मोडून घेतात आणि पाच मीटरच्या पलीकडचं काहीतरी शोधत राहतात. ७०-२०० किंवा १००-४०० पुरते. अंतर कमी, म्हणून हवेचाही त्रास कमी.

जहाजाची थरथर

हे थोडक्यात. ट्रायपॉड जहाजावर निरुपयोगी, कारण इंजिनाची थरथर पायांतून सरळ कॅमेऱ्यात जाते. कठड्यावर कोपर टेकवलं तरी तेच. गुडघे किंचित वाकवून, कोपर अंगाशी घेऊन मोकळे उभे राहा. झोडियाक म्हणजे फुगवलेल्या रबरी होडीत तुम्ही आणि प्राणी दोघंही हलत असता, तेव्हा १/१६०० च्या खाली जाऊ नका, आयएसओ वाढला तरी वाढू द्या. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर काढता येतात, ओढलेला फोटो सरळ करता येत नाही. उठून उभं राहायला चालकाची परवानगी लागते, ती विचारल्याशिवाय उठू नका.

सरावाला बामणोलीची लाँच उत्तम. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, चालत्या लाँचमधून पाणकावळे आणि बगळे टिपायचा एक सकाळभर प्रयत्न केला की आपल्याला किती शटर स्पीड लागतो हे हातालाच कळतं. माणसागणिक तो वेगळा असतो. सांगलीकरांनी बामणोलीला यायलाच पाहिजे असं नाही, पण चालत्या होडीतून सराव केल्याशिवाय विमानात बसू नये.

करडा बर्फ, निळा बर्फ

कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करड्या रंगाचं धरून उजेड मोजतो. समोर सगळं पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो दाबून टाकतो. नवे कॅमेरे यात थोडे सुधारलेत, तरी पूर्ण फ्रेम बर्फाची असेल तर अजूनही फसतात. इलाज जुनाच: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड आपल्या हाताने कमी-जास्त करायची सोय, अधिक एक ते अधिक पावणेदोन. नेमकं किती ते हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, सांगेल. त्यातला डोंगर उजव्या भिंतीच्या जवळ जावा, भिंतीवर चढू नये. जास्त उजेडाचा लुकलुकता इशारा चालू ठेवा आणि बर्फाचा मोठा भाग लुकलुकायला लागला की कॉम्पेन्सेशन एक-तृतीयांशाने खाली आणा. स्क्रीनवर फोटो कसा दिसतो यावर विश्वास ठेवू नका, बर्फाच्या चकाकीत स्क्रीन नेहमी काळपटच वाटतो.

पेंग्विनने फ्रेम भरली की काळी पाठ गणित उलटं करते, तेव्हा अधिकचं कॉम्पेन्सेशन शून्याकडे आणावं लागतं. प्राणी जवळ-लांब होत असताना हे सारखं फिरवत बसण्यापेक्षा, उजेड स्थिर असेल तर मॅन्युअलवर जा. उन्हातल्या बर्फावर एकदा एक्स्पोजर लावून घ्या, ऑटो आयएसओ बंद करा, आणि मग समोर काहीही येवो, पांढरं पांढरंच येईल. ढग आला की पुन्हा लावा.

याचा सराव कासला करा. सप्टेंबरमध्ये गेंदाची पांढरी फुलं पठारभर पसरलेली असतात, तेव्हा रस्त्यावरूनच फ्रेम पांढऱ्या फुलांनी भरून शून्यावर एक फोटो घ्या आणि अधिक दीडवर एक. पहिल्यात गेंद राखाडी येतो. पठारावर धुकं उतरलं की तेही हेच करतं, म्हणजे धुक्याचा मंद पांढरा कॅमेरा संध्याकाळच्या रंगाचा करून टाकतो. हे दोन पांढरे ज्याने आपल्याकडे बरोबर आणले, त्याला हिमखंड अवघड जाणार नाही.

निळ्याचं वेगळं. सावलीतल्या बर्फावर सूर्याचा नाही, आकाशाचा उजेड पडतो, म्हणून तो खरोखरच निळसर असतो. जुन्या दाबलेल्या हिमनदीचा बर्फ तर आतूनच निळा असतो, कारण त्यातले हवेचे बुडबुडे निघून गेलेले असतात आणि दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो. तो निळा घालवू नका. रंगछटा आपोआप ठरवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स फ्रेमगणिक मत बदलतो आणि एकाच हिमखंडाचे पाच फोटो पाच रंगांचे येतात. तो डेलाइटवर ठेवा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, न बदललेल्या फाइलमध्ये काढा, घरी आल्यावर संगणकात उन्हातला बर्फ पांढरा होईपर्यंत व्हाइट बॅलन्स सरकवा आणि सावली निळसरच राहू द्या.

दुधाळ पडदा

तासगाव-सांगलीकडे कोल्ड स्टोरेजमधून बेदाण्याचे बॉक्स बाहेर काढले की त्यांना घाम फुटतो, म्हणून जाणता माणूस बॉक्स लगेच उघडत नाही. कॅमेऱ्याचं तेच. केबिनमध्ये एकवीस अंश आणि चाळीस टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतली वाफ सात अंशांखालच्या कोणत्याही वस्तूवर पाणी होऊन बसते. कॅमेरा शून्यावरून आलाय. पाणी बाहेरच्या काचेवर बसतं ते पुसता येतं. झूम फिरवताना लेन्स आत हवा ओढते, तेव्हा आतल्या भिंगांवरही बसतं, ते पुसता येत नाही.

म्हणून आत येण्याआधी, बाहेरच, मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात घाला. कॅमेरा लेन्ससकट जाड झिप लॉक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, बंद करा, आणि ती पिशवी बॅगेत ठेवून बॅगेची चेन लावा. दीड-दोन तास हात लावू नका. घाम फुटायचा तो पिशवीच्या बाहेरून फुटतो. फोटो बघायची घाई कार्डावर भागवता येते, म्हणून तर कार्ड आधी काढायचं. मधल्या काळात लेन्स बदलायची नाही. आणि थंडीपासून वाचवायचा म्हणून कॅमेरा जॅकेटच्या आत अंगाशी धरू नका, अंगाची वाफ त्यालाच मिळते.

आपल्याकडे पावसाळ्यात हे उलट्या दिशेने होतं. गाडीत एसी, बाहेर कासची भिजलेली हवा, दार उघडलं की लेन्सवर धुकं. शेवटचे वीस मिनिटं एसी बंद करून काचा खाली घ्या, सवय लागेल.

पडदा दुधाळ नसून डाग-डाग असेल, उजेडाकडे धरल्यावर फिकट वर्तुळं दिसत असतील, तर ते समुद्राचं मीठ. झोडियाकमधून आल्यावर कोरड्या कापडाने काच पुसली की मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेलं मऊ कापड, मग कोरडं. झूमच्या रिंगा आणि लेन्स जिथे बॉडीला बसते ती कडा रोज ओलसर फडक्याने पुसा. या कडेवर पांढरी पूड घेऊन आलेल्या लेन्स मी साफ केल्यात, आणि स्क्रू गंजायला लागले की काम वाढतं.

बॅटरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, कॅमेऱ्याला ती संपल्यासारखी वाटते, खिशात ऊब मिळाली की पुन्हा चालते. दोन-तीन जादा ठेवा, आतल्या खिशात ठेवा, आलटून-पालटून वापरा. विमानात सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत घ्या आणि टोकांवर टोपी लावा.

खाली बसता येत नाही, मग पेंग्विनच्या नजरेची उंची कशी गाठायची?

हा प्रश्न अलीकडे वाढलाय. बर्ड फ्लूचा विषाणू, एच५एन१, फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर नोंदला गेला. त्याच्या आधीपासूनच सफरींनी नियम कडक केले होते: किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, आडवं व्हायचं नाही, बॅग किंवा ट्रायपॉड जमिनीवर ठेवायचा नाही. फक्त बूट जमिनीला लागायचे, आणि ते जाता-येता धुऊन घ्यायचे. त्यामुळे आपला नेहमीचा, जमिनीवर पसरून घेतलेला फोटो तिथे मिळत नाही. उघडणारी स्क्रीन असलेली बॉडी न्या, कमरेतून वाकून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरा, पट्टा मनगटाला गुंडाळलेला असू द्या. किंवा उतारावर पेंग्विन तुमच्या वरच्या अंगाला असेल अशी जागा निवडा. दोन्ही करता येतं. बॅगेच्या वेल्क्रोमध्ये, शिवणीत आपल्याकडचं गवताचं बी अडकलेलं असतं, कासहून आलेली बॅग असेल तर नक्कीच. निघण्याआधी घरीच व्हॅक्यूमने साफ करा, जहाजावरही ती तपासतात.

एका वेळी किनाऱ्यावर शंभरच प्रवासी असू शकतात, म्हणून पाळी येते आणि वेळ ठरलेली असते. त्या वेळात सेटिंग शिकायला बसू नका. ड्रोन घरी ठेवा.

परत आल्यावर

स्वालबार्डची सफर जून ते ऑगस्टमध्ये होते, म्हणजे माणूस परततो तो आपल्या ऐन पावसाळ्यात. मीठ आणि ओल लागलेली लेन्स बॅगेत, बॅग कपाटात, आणि बाहेर आठवडाभर सूर्य नाही. दिवाळीला कॅमेरा काढेपर्यंत आत बुरशीची कोळिष्टकं पसरलेली असतात. ती काढता येते, पण तिने भिंगावरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. हे नुकसान मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं, कारण ध्रुवावर टिकलेली लेन्स घरी येऊन मरते. आल्या आल्या रिंगा पुसा, लेन्स बॅगेत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक टाका आणि काटा चाळीस ते पन्नासच्या मधे राहील एवढं बघा. सिलिकाच्या दाण्यांनी रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. लेदरची केस डब्यात नको, बुरशी तिच्यातच आधी धरते.

हे सगळं करूनही शंका राहिली तर फाइल्स पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तो फोटो दाबून लहान करतो आणि मग मलाही तो सॉफ्टच दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, रॉ पाठवा, एकाच बर्स्टमधले ओळीने आठ-दहा पाठवा, सोबत पेपरच्या पानाचा चाचणी फोटो जोडा, आणि कॅमेरा केबिनमधून बाहेर काढून किती वेळ झाला होता तेवढं लिहा.